स्वतःला दहापैकी किती द्यायचे? मला एकही आकडा लिहिता आला नाही

अशोकचौक_३९

नमस्कार मंडळी. इथलं बरेच दिवस वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वय ३९. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात १४ वर्षं चेकिंगला आहे, त्यातली शेवटची चार वर्षं सुपरवायझर. हाताखाली ११ बायका.

गेल्या महिन्यात आम्हा सुपरवायझर लोकांना ऑफिसातून एक फॉर्म मिळाला. 'स्व-मूल्यमापन'. १२ मुद्दे, प्रत्येकापुढे एक ते दहा चौकटी. कामाचा दर्जा, वेळ पाळणे, निर्णय घेणे, इतरांना शिकवणे, आत्मविश्वास, असं सगळं. शनिवारी घरी आणला, सोमवारी द्यायचा होता.

रविवारी दुपारी भांडी आवरून बसले. पहिलाच मुद्दा, कामाचा दर्जा. पेन्सिलीनं आठवर खूण केली. लगेच वाटलं, हे वाचून साहेब म्हणतील, बाईला फार वाटतंय स्वतःबद्दल. खोडलं. सहा केलं. मग वाटलं, सहा म्हणजे मी काम नीट करत नाही असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. परत खोडलं. कागद तिथं पातळ झाला. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला पगार वाढायचा असेल तर नऊ लिही. मुलीला विचारलं, ती दहावीला आहे, ती म्हणाली, "अम्मा, तू चांगलीच आहेस की." दोघांनीही प्रेमानंच सांगितलं, पण मला उत्तर मिळालं नाही. शेवटी रात्री बाराही ठिकाणी पाच केले आणि झोपले.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सगळीकडे पाच म्हणजे तुम्ही भरलाच नाहीत हा. पुढच्या शनिवारपर्यंत परत द्या." बाहेर आले आणि मला रडू आलं.

रडू का आलं ते सांगते. माझं कामच मूल्यमापनाचं आहे. ट्यूबलाईटखाली टेबल असतं. टॉवेल दोन कोपऱ्यांना धरून उचलायचा, पुढून बघायचा, उलटायचा, चारी कडांची शिलाई बघायची, घडी घालून टाकायचा. एका टॉवेलला दहा-बारा सेकंद. कुठं लूप ओढला गेलाय, कुठं धागा तुटून उभी रेघ पडलीय, तेलाचा डाग आहे, शिलाई वाकडी गेलीय. चांगला इकडं, सेकंड तिकडं. आता तर तळहाताखाली टॉवेल आला की डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. दिवसाला हजारभर टॉवेलांचा निकाल मी न अडखळता लावते. आणि स्वतःचा एक लावता येत नाही?

त्या रात्री झोप लागली नाही आणि एक जुनी गोष्ट डोळ्यापुढं आली.

अम्मा बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचा साचा, कात्री, तंबाखू. चांगल्या दिवशी हजार बिड्या व्हायच्या. संध्याकाळी त्या कारखान्यात जमा करायच्या, तेव्हा मी बरोबर जायचे. सात-आठ वर्षांची असेन. तिथं तपासणारा माणूस टेबलामागं बसलेला असायचा. जुडी हातात घ्यायचा, दोन बोटांत दाबायचा, पटली नाही की बाजूला सारायचा. बोलायचा नाही. बाजूला सारलेल्यांचे पैसे मिळायचे नाहीत. मला चांगलं आठवतं, अम्मा बिड्यांकडं बघतच नसायची. ती त्याच्या तोंडाकडं बघत असायची. आणि मी अम्माच्या तोंडाकडं. जास्त बिड्या बाजूला गेल्या की परत येताना ती तेलुगूत म्हणायची, आज मी वाया गेले. बिड्या वाया गेल्या असं नाही म्हणायची. मी वाया गेले.

मला वाटतं मी तिथंच शिकले. आजही काही काम पुरं केलं की आधी समोरच्याच्या तोंडाकडं बघते. तिथं कपाळाला आठी नसेल तर बरं वाटतं. समोर तोंडच नसेल, नुसता कागद असेल, तर मला माझ्याबद्दल काहीच कळत नाही.

तर माझा प्रश्न: माणूस स्वतःकडं बघायला शिकतो कुठून? आणि ती नजर एकदा बसली की ३९ व्या वर्षी बदलता येते का? 'पॉझिटिव्ह विचार करा' असं कृपया सांगू नका, ते बरेच जण सांगून गेलेत.

---

होटगीरोड

ताई, फॉर्मच आहे तो. सगळीकडे आठ लिहा आणि द्या. ऑफिसवाले फायलीला लावतात, कोण वाचतंय? तुम्ही मनाला फार लावून घेताय.

---

बाळीवेस_एमए

ताई, मी मानसशास्त्रात एमए केलंय आणि शाळेत समुपदेशक आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही बिडी कारखान्यातलं जे लिहिलंय, त्यावर माणसांनी शंभराहून जास्त वर्षं विचार केलाय.

चार्ल्स कूली नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होता. त्यानं १९०२ साली मांडलं की आपण स्वतःला दुसऱ्यांच्या आरशात बघतो. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. समोरच्याला मी कशी दिसत असेन. ते बघून तो माझ्याबद्दल काय ठरवत असेल. आणि त्यावरून मला जे वाटतं ते, अभिमान नाहीतर लाज. आता यातला 'असेन' आणि 'असेल' बघा. पहिल्या दोन्ही पायऱ्या आपल्या डोक्यातल्या आहेत. आरसा समोरच्याच्या हातात असतो असं आपल्याला वाटतं, पण त्यातलं चित्र आपण काढतो.

हे पुढं तपासलंही गेलं. श्रॉगर आणि शोनमन या दोघांनी १९७९ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून बघितले. लोक आपल्याला कसे बघतात असं माणसाला वाटतं, त्याच्याशी त्याचं स्वतःबद्दलचं मत बऱ्यापैकी जुळतं. पण लोक प्रत्यक्षात त्याला कसे बघतात, त्याच्याशी तितकं जुळत नाही. मी पहिल्यांदा हे शिकले तेव्हा वर्गात बसल्या बसल्या माझ्या सासूबाईंचा विचार करत होते, तास कधी संपला कळलं नाही.

तुमचं वय तेव्हा सात-आठ होतं, हेही महत्त्वाचं आहे. त्याआधी मुलांना विचारलं की ती बिनधास्त सांगतात, मी सगळ्यात जोरात पळतो, मला सगळं येतं. साधारण त्याच वयात ती इतरांशी तुलना करायला आणि मोठ्यांच्या मोजपट्टीनं स्वतःला मोजायला लागतात. म्हणजे मोजायचं कसं हे तुम्ही शिकत होतात, नेमकं तेव्हा तुम्ही त्या टेबलासमोर उभ्या होतात.

आणखी एक. स्वतःला एकटीला बाजूला काढून तिला आकडा द्यायचा, ही पद्धत सगळ्या जगाची नाही. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये लिहिलं की काही समाजांत 'मी' म्हणजे सुटा माणूस असतो, तर काही समाजांत 'मी' नात्यांत गुंतलेला असतो. आपण बहुतेक दुसऱ्या प्रकारात वाढतो. त्यामुळं तुमचा हात थांबला यात तुमच्यात काही बिघाड आहे असं मला अजिबात वाटत नाही. स्वतःला आठ देताना आपण कुणाच्या तरी पुढं गेल्यासारखं आपल्याला वाटतंच.

एक विचारू? त्या तपासणाऱ्यानं तुमच्या आईबद्दल कधी काही म्हटलं होतं का? आई असतील तर त्यांना विचाराल?

---

जुनीमिल_चाळ

पोरी, माझं वय ६६. माझे वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. सोलापुरात त्या काळी जॉबर म्हणजे काय हे आता सांगून कळणार नाही. भोंगा झाला की चाळीतली माणसं त्यांच्या मागनं चालायची.

मिल बंद पडली आणि हा माणूस घरात बसला. त्यांना कुणी वाईट बोललं नाही. पण ते दाढी करेनात. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सगळं सोलापूर लोटतं, नंदीध्वजाच्या मिरवणुकीला दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून जाणारा माणूस, त्या वर्षी गेला नाही. का, तर वाटेत कुणीतरी विचारेल, सध्या काय चाललंय? म्हणजे वर मॅडमनी लिहिलंय तेच. विचारलं कुणीच नव्हतं. विचारतील, हेच पुरलं.

वर्ष-सव्वा वर्ष असं गेलं. मग साखर पेठेतला एक यंत्रमागवाला घरी आला. त्याचा एक माग सारखा खडखडायचा, फिटर दोनदा येऊन गेला होता. वडिलांना घेऊन गेला. मीही गेलो होतो. वडील मागाजवळ गेलेच नाहीत. दारात उभे राहिले, डोळे मिटले, आणि इतक्या मागांच्या गोंगाटात कान देऊन म्हणाले, तिसरा नाही बाबा, चौथा. डाव्या बाजूचं बेअरिंग बघ. उघडलं तर तेच निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढीचं पाणी मागितलं. आई चुलीपाशी रडत होती, मी बघितलंय.

मला काय म्हणायचंय, तुझ्यावर एक नजर बसली हे खरं. पण नजर एकाच टेबलावरनं येत नाही. आणि नुसत्या 'तुम्ही लई मोठे' म्हणण्यानं माझा बाप उठला नसता. चौथा माग निघाला म्हणून उठला. तुझ्या हाताला टॉवेल कळतो म्हणतेस. ते कुणाच्या तोंडाकडं बघून कळत नाही ना?

---

उजनीचा_मासा

माझा अनुभव वेगळा आहे, पण लिहितो.

सोलापुरात शाळेत कायम पहिला. बारावीनंतर हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्या सेमिस्टरला वर्गात तेविसावा. अभ्यास तेवढाच, उलट जास्तच. पण मी घरी फोनवर सांगायला लागलो की मला गणित येत नाही. चार महिन्यांपूर्वी येत होतं! गणित माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं, शेजारी बसणारे बदलले होते.

नंतर कळलं की याला नाव आहे. लिऑन फेस्टिंगरनं १९५४ मध्ये सांगितलं होतं की जिथं पक्की मोजपट्टी नसते तिथं माणूस आपल्यासारख्या माणसांशी तुलना करून स्वतःला जोखतो. आणि हर्बर्ट मार्शनं शाळांमधल्या मुलांवरून दाखवलं, सारख्याच कुवतीचं मूल हुशार मुलांच्या शाळेत गेलं की स्वतःला कमी समजायला लागतं. लहान तळ्यातला मोठा मासा म्हणतात त्याला. मी सोलापुरातल्या सिद्धेश्वर तळ्यातून उजनी धरणात गेलो होतो, एवढंच.

ताई, आठ खोडून सहा करताना तुमच्या मनात शेजारी कोण उभं होतं? दुसरे सुपरवायझर? पदवीवाले? ते एकदा बघा.

---

बाळीवेस_एमए

काकांनी वडिलांचं जे लिहिलंय, त्यासाठी अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये एक संकल्पना मांडली. 'हे काम मला जमेल' हा विश्वास येतो कुठून, हे त्यानं शोधलं. दुसऱ्याचं बघून येतो, कुणी धीर दिला तर येतो, पण सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून जमल्यावर. आणि तो एकेका कामापुरता असतो. मागाचा आवाज ओळखण्यातला विश्वास वेगळा, चार माणसांत बोलण्यातला वेगळा.

होटगीरोड, तुमचं म्हणणं व्यवहाराचं आहे, पण ताईंनी फॉर्म कसा भरू असं विचारलेलंच नाही.

ताई, अल्बर्ट एलिस यांचं एक म्हणणं मला रोज मुलांशी बोलताना उपयोगी पडतं. त्यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली. ते म्हणत, माणसाच्या कृतीला गुण द्या, हवे तेवढे कडक द्या. अख्ख्या माणसाला एक गुण देऊ नका, कारण तो देताच येत नाही. परीक्षेत नापास झालेला मुलगा माझ्यासमोर बसून 'मी नापास आहे' म्हणतो. मी त्याला तेच वाक्य 'मी गणितात नापास झालो' असं परत म्हणायला लावते. सोपं नाही जात त्याला. काही मुलांना दोन-दोन आठवडे लागतात.

---

अशोकचौक_३९

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमच्या वडिलांचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याचे वडील पण मिलमध्येच होते. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मॅडम, अम्मा आहे. ६८ वर्षांची, भावाकडं असते, दोन गल्ल्या पलीकडं. काल कामावरून परस्पर तिच्याकडं गेले. विचारलं, तो तपासणारा तुला कधी काही बोलला होता का गं? अम्मा शेंगा सोलत होती. म्हणाली, तो बिचारा काय बोलणार, त्याला रोज थोड्याफार बिड्या बाजूला काढाव्याच लागायच्या. चांगल्या असल्या तरी. नाहीतर त्याला वरून बोलणी बसायची. आम्हा सगळ्या बायकांना माहीत होतं.

मला काही सुचेना. मी म्हटलं, माहीत होतं? मग तू येताना 'मी वाया गेले' का म्हणायचीस? अम्मा म्हणाली, "माहीत असलं तरी लागतंच ना."

मग तिनं आपले हात बघितले. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा अजून काळपट आहेत. आणि म्हणाली, माझी बिडी घट्ट असायची. कधी सुटली नाही. हे वाक्य तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आज कामावर आपण नक्की काय करतो ते नीट बघितलं. टॉवेल सेकंडला टाकला की मी तिथं थांबत नाही. एकाच जागी तीच रेघ तीन टॉवेलांना आली तर कुठल्या मागावरचा माल आहे ते बघून तिथं निरोप पाठवते. माग वाईट आहे असं मी कधी म्हणत नाही, कुठला धागा तुटतोय ते शोधायला सांगते. टॉवेलाच्या बाबतीत हे मला १४ वर्षांपासून येतंय. स्वतःच्या बाबतीत मी फक्त सेकंडच्या ढिगात टाकत आलेय, रेघ कुठून येतेय ते कधी बघितलंच नाही.

उजनीचा_मासा, दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: शेजारी कुणी सुपरवायझर नव्हता. तो टेबलामागचा माणूसच होता. त्याचं तोंडसुद्धा मला आता नीट आठवत नाही.

आज रात्री फॉर्म परत काढला. नवीन कागद मागून आणलाय, जुना फाटायला आला होता. या वेळी आकड्याच्या आधी शेजारी पेन्सिलीनं कारण लिहिलं आणि मग आकडा दिला. कामाचा दर्जा, आठ. गेल्या वर्षभरात आमच्या टेबलावरून गेलेला माल दोनदाच परत आला. इतरांना शिकवणे, नऊ. ११ पैकी सात जणींना मी कोरं शिकवलंय, आणि त्यातली एक माझ्यापेक्षा जलद आहे. निर्णय घेणे, चार. हा चार लिहिताना हात थरथरला नाही, कारण तो खरा आहे. डाग दिसत असूनही माल थांबवायच्या आधी मी अजून ऑफिसला फोन करते, आणि तोवर आणखी वीस-पंचवीस खराब टॉवेल पुढं येतात. ते मला बदलायचंय.

दहा मुद्दे झाले. वेळ पाळण्याचा राहिलाय, ती हजेरी उद्या रजिस्टरात बघून लिहीन. आणि आत्मविश्वास राहिलाय. मॅडम, बांदुरा म्हणतात तसा तो कामाकामाला वेगळा असेल, तर एकाच चौकटीत मी काय लिहू? साहेबांनाच विचारते, कशातला आत्मविश्वास म्हणून. शनिवारला अजून दोन दिवस आहेत.